लहान मुलांच्या कोलोनोस्कोपीपूर्वी आतडे स्वच्छ कसे करावे

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चार वर्षांची, वजन 15 किलो. गेले काही महिने तिच्या शौचातून अधूनमधून लाल रक्त जाते, पण पोट दुखत नाही. मोठ्या आतड्यात पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेला मांसल कोंब) असावा, अशी डॉक्टरांना शंका आहे. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध पाजून तिला कोलोनोस्कोपीसाठी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्यासाठी) नेले, भूलही दिली; परंतु आतड्यात घट्ट मळ शिल्लक असल्यामुळे तपासणी अर्ध्यावर सोडावी लागली. सांगितलेले औषध पूर्ण पाजले होते आणि दिवसभरात अनेकदा पातळ शौचही झाले होते. मग आतडे स्वच्छ का झाले नाही, आणि दुसऱ्या वेळी तयारी कशी करावी?

औषध पाजण्यात आपल्याकडून काही राहिले असेल, असे मला वाटत नाही. पातळ शौच अनेकदा होऊनही आत घट्ट मळ राहतो, तेव्हा तो मळ बहुधा त्या दिवसाचा नसतो. तो कित्येक दिवसांचा, कधी कित्येक आठवड्यांचा साचलेला असतो. जुलाबाचे औषध आतड्यात पाणी आणते. हे पाणी मऊ मळ वाहून नेते, पण आधीच कडक झालेल्या गोळ्याच्या कडेने ते निघून जाते आणि गोळा जागीच राहतो. बाहेर दिसते ते केवळ पातळ शौच, त्यामुळे पालकांना आणि कधी परिचारिकांनाही तयारी उत्तम झाली असे वाटते. म्हणून लहान मुलाच्या बाबतीत औषध कोणते आणि किती, या प्रश्नाच्याही आधी मी एक प्रश्न विचारतो: या मुलाला बद्धकोष्ठता आहे का?

या प्रश्नाचे उत्तर पालकांकडून बहुतेक वेळा ‘नाही, रोज होते’ असे येते, आणि ते प्रामाणिक असते. परंतु रोज थोडेसे शौच होणे आणि आतडे रोज रिकामे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन ते पाच वर्षांच्या वयात शौच रोखून धरण्याची सवय फार आढळते. मूल चवड्यांवर उभे राहते, पाय आवळते, कोपऱ्यात किंवा पडद्यामागे जाऊन ताठ होते. पाहणाऱ्याला वाटते की ते जोर करत आहे, प्रत्यक्षात ते शौच थोपवत असते. चड्डीला वरचेवर डाग लागणे, काही दिवसांनी एकदम फार जाड शौच होणे, डाव्या बाजूला खालच्या पोटात हाताला कठीण गोळा लागणे, ही त्याची आणखी चिन्हे. शौचात रक्त पाहून घाबरलेले मूल तर शौचाला बसणेच टाळू लागते. आपल्या मुलीत यांपैकी काही आढळत असेल, तर दुसऱ्या तपासणीची तयारी आदल्या दिवशी नव्हे, निदान एक-दोन आठवडे आधी सुरू व्हायला हवी.

त्या आधीच्या तयारीत साचलेला मळ काढणे हे मुख्य काम असते. त्यासाठी पॉलीइथिलीन ग्लायकॉल हे औषध रोज दर किलो वजनामागे 1 ते 1.5 ग्रॅम या प्रमाणात तीन ते सहा दिवस देण्याची पद्धत रुळलेली आहे. 15 किलोच्या मुलीसाठी हे साधारण 15 ते 22 ग्रॅम होते. त्यानंतर शौच रोज मऊ होत राहील इतपत कमी मात्रा तपासणीच्या तयारीपर्यंत चालू ठेवावी. हे काम नीट झाले की शेवटच्या दिवसाचे औषध सौम्य राहिले तरी चालते; ते झाले नाही तर शेवटच्या दिवशी औषध कितीही वाढवले तरी मुलाला त्रासच अधिक होतो. येथे आणि पुढे दिलेली प्रमाणे मुलीच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून दिली आहेत. अंतिम मात्रा तिला तपासणाऱ्यांनीच ठरवायची आहे.

इतकी स्वच्छता कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. या वयात वेदनेशिवाय लाल रक्त पडत असेल तर त्यामागे बहुधा ज्युवेनाइल पॉलिप असतो. तो बव्हंशी एकच असतो आणि बऱ्याचदा गुदाशयात किंवा त्याच्या वरच्या नागमोडी भागात आढळतो. त्यामुळे केवळ एनिमा देऊन (गुदद्वारातून द्रव आत सोडून) खालचा भाग पाहिला तर पुरे, असे वाटू शकते. परंतु काही मुलांत पॉलिप आतड्याच्या वरच्या, उजव्या भागातही असतात. आणि पाचांहून अधिक पॉलिप आढळले तर ज्युवेनाइल पॉलिपोसिस या आनुवंशिक आजाराचा विचार करून पुढील देखरेख ठरवावी लागते. म्हणून दुर्बीण अंधांत्रापर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागापर्यंत, न्यावी लागते आणि वाटेतली भिंत सगळीकडे दिसावी लागते. मळाच्या पातळ थराखालीही लहान पॉलिप सहज झाकला जातो. शिवाय पॉलिप विजेच्या तारेने कापायचा असल्यामुळे आतडे स्वच्छ असणे हा सुरक्षिततेचाही भाग आहे. याच कारणाने मॅनिटॉल किंवा लॅक्ट्युलोज ही औषधे या तयारीसाठी वापरू नयेत: आतड्यातील जिवाणू त्यांचे किण्वन करतात, त्यातून हायड्रोजन तयार होतो, आणि विजेच्या ठिणगीने त्या वायूचा स्फोट झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. घरात बद्धकोष्ठतेसाठी लॅक्ट्युलोज चालू असेल तर ते आपणहून डॉक्टरांना सांगावे.

आता औषधांविषयी. पॉलीइथिलीन ग्लायकॉल पाणी धरून ठेवते आणि स्वतः रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, म्हणून लहान मुलांत ते सर्वाधिक वापरले जाते. त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिल्या प्रकारात क्षार मिसळलेले असतात. शरीरातून पाणी वा क्षार फारसे बाहेर जाऊ नयेत आणि आतही येऊ नयेत, अशा बेताने बनवलेल्या या द्रावणाची माहिती 1980 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आतडे धुण्याच्या पद्धतीत त्याने मोठा बदल घडवला. हे द्रावण सुरक्षित आहे, पण खारट आहे आणि पुष्कळ प्यावे लागते: दर किलोमागे ताशी सुमारे 25 मिलिलिटर, शौच स्वच्छ पाण्यासारखे होईपर्यंत. आपल्या मुलीसाठी ते तासाला 375 मिलिलिटर आणि चार तासांत दीड लिटर होते. चार वर्षांचे मूल इतके खारट पाणी स्वखुशीने पिणे अवघडच. म्हणून हा मार्ग निवडला तर बहुधा रुग्णालयात दाखल करून नाकातून जठरात बारीक नळी घालावी लागते. या द्रावणात चवीसाठी साखर किंवा गोड सरबत मिसळू नये. ग्लुकोजबरोबर सोडियम आणि पाणी आतड्यातून आत ओढले जाते, आणि द्रावणाचा जो तोल मुद्दाम साधलेला असतो तो बिघडतो.

दुसऱ्या प्रकारात क्षार नसतात. ती पूड जवळपास बेचव असते, मुलाला आवडणाऱ्या कोणत्याही गाळीव पेयात विरघळते आणि एकूण प्रमाणही कमी असते. ती एका दिवसात दर किलोमागे 4 ग्रॅम किंवा दोन दिवसांत रोज 2 ग्रॅम याप्रमाणे देतात, आणि बहुधा जोडीला बिसाकोडिल देतात, कारण पूड आतड्यात पाणी आणते तर बिसाकोडिल आतड्याला हालचाल करायला लावते. 15 किलोच्या मुलीसाठी एकूण 60 ग्रॅम पूड सुमारे 850 मिलिलिटर पेयात बसते. बद्धकोष्ठतेची प्रवृत्ती असलेल्या चार वर्षांच्या मुलीसाठी, मूत्रपिंड व हृदय निरोगी असेल तर, मी आधी साचलेला मळ काढून नंतर दोन दिवसांची ही तयारी निवडीन. एका दिवसाच्या तयारीत वेळ वाचतो हे खरे. पण या वयात पिण्याची घाई करावी लागली की उलटी होते, आणि उलटी झाली की नेमके किती औषध पोटात राहिले याचा हिशेब कुणालाच लागत नाही.

सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम यांचे मिश्रण हा आणखी एक चांगला पर्याय आहे. त्याचे प्रमाण वजनापेक्षा वयानुसार ठरते: दोन ते चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी अर्धे पाकीट, आणि चार ते नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्या वेळी एक व दुसऱ्या वेळी अर्धे, असे ते सामान्यतः देतात. पाण्यात मिसळल्यावर हे द्रावण तापते. ते निवल्याशिवाय मुलाला देऊ नये. पिण्याचे औषध थोडेच असल्याने मुले ते सहज घेतात. परंतु येथे एक सावधगिरी आहे. क्षारयुक्त द्रावण स्वतःबरोबर पाणी आणते. हे मिश्रण पाणी शरीरातून ओढते. ते पाणी वरून पाजून भरून काढणे ही तयारीचीच अर्धी बाजू असते, आणि पालकांना ती पुरेशी स्पष्ट सांगितली जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाला मॅग्नेशियम असलेले औषध देऊ नये.

तोंडाने घ्यायचे सोडियम फॉस्फेटचे द्रावण मात्र लहान मुलांना या कामासाठी मुळीच देऊ नये. त्याने रक्तातील फॉस्फेट वाढते, कॅल्शियम उतरते आणि मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2008 मध्ये या मूत्रपिंडाच्या धोक्याबद्दल ठळक इशारा दिला होता. फॉस्फेटचा एनिमा दोन वर्षांखालील मुलाला धोकादायक ठरतो. औषधाच्या दुकानात तो चिठ्ठीशिवाय मिळतो म्हणून निरुपद्रवी आहे, असे कृपया समजू नये. साध्या नळाच्या पाण्याचा एनिमाही लहान मुलाला देऊ नये, कारण ते पाणी शोषले जाऊन रक्तातील सोडियम उतरते.

खाण्यापिण्याची तयारी तुलनेने सोपी आहे. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली, कोंडा, सुकामेवा आणि तंतुमय भाज्या बंद कराव्यात. बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. लोहाचे औषध आतड्याच्या भिंतीला काळसर चिकट थर आणते, ते पाच ते सात दिवस आधी डॉक्टरांच्या संमतीने थांबवावे. आदल्या दिवशी केवळ गाळीव, आरपार दिसणारे द्रव द्यावेत. लाल आणि जांभळी पेये टाळावीत, कारण आतड्यात ती रक्तासारखी दिसतात. दूध गाळीव द्रवात मोडत नाही, हे येथे मुद्दाम सांगतो, कारण रडणाऱ्या मुलाला शेवटी पेलाभर दूध देण्याचा मोह कुणालाही होईल.

या दिवसाचा खरा धोका मात्र शिल्लक मळात नसून पाणी, मीठ आणि साखर यांच्या कमतरतेत आहे. प्रौढाच्या यकृतात ग्लुकोजचा जो साठा असतो तो लहान मुलाजवळ फार थोडा असतो. दिवसभर अन्न नाही आणि पुढे रात्रीचा उपास, अशा स्थितीत रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून नुसते पाणी पाजत राहू नये. नुसत्या पाण्याने साखर मिळत नाही, आणि जुलाबातून गेलेले सोडियमही भरून येत नाही. क्वचित सोडियम इतके उतरते की मुलाला झटके येतात. तोंडाने घ्यायचे क्षार-साखरेचे जीवनरक्षक द्रावण आणि साखर असलेले गाळीव फळांचे रस आलटून पालटून द्यावेत. कृत्रिम गोडी घातलेली, बिनसाखरेची पेये या दिवशी उपयोगाची नाहीत. 15 किलोच्या मुलाला नेहमीच्या दिवशीच साधारण सव्वा लिटर द्रव लागतात. जुलाबातून जाणारे पाणी त्यावर धरावे. दर चार ते सहा तासांनी लघवी होत आहे ना, हे घड्याळ पाहून लिहून ठेवावे. डायपर वापरणाऱ्या मुलात पातळ शौचामुळे लघवी कळत नाही, तेव्हा तोंडातला ओलावा, रडताना येणारे अश्रू आणि मुलाची तरतरी यांकडे लक्ष द्यावे.

पाजण्याच्या बाबतीत माझा अनुभव असा की मोठा पेला पुढे करणे हीच पहिली अडचण असते. औषध थंड करावे, झाकणाच्या पेल्यात नळी घालून द्यावे, आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन घोट इतकीच मागणी ठेवावी. चार वर्षांच्या मुलीला कागदावर चौकोन आखून प्रत्येक घोटानंतर एक चित्र चिकटवू दिले, तर ती पुढचा घोट स्वतः मागते, असे अनेकदा पाहिले आहे. तिला खोटे सांगू नये. ‘पोटातली सगळी शी बाहेर काढायची आहे, म्हणजे डॉक्टरांना आत नीट दिसेल; दुखणार नाही, पण बाथरूममध्ये खूपदा जावे लागेल’ इतके या वयाला पुरते. उलटी झाली तर अर्धा तास थांबून पुन्हा कमी गतीने सुरू करावे. हात धरून, नाक दाबून औषध ओतू नये. पॉलीइथिलीन ग्लायकॉल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना गंभीर इजा होते, आणि कोणत्याही आतड्याची स्वच्छता त्या मोलाची नाही. मुलगी पीतच नसेल तर फोन करून नळीचा पर्याय विचारावा. नळी घातली तर औषध सुरू करण्यापूर्वी ती जठरातच आहे याची खात्री करून घेणे आणि मुलाचे डोके उंच ठेवणे, हे परिचारिकांचे काम असले तरी पालकांनीही विचारून घ्यावे. पहिल्या शौचाच्या आधीच गुदद्वाराभोवती झिंक ऑक्साइडचे मलम किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावावा. कातडी एकदा सोलवटली की मूल शौच रोखू लागते आणि सगळी तयारी तेथेच अडते.

दोन वर्षांखालील बाळांसाठी हे सगळे बरेच हलके होते. ज्या बाळाला शौच नियमित व मऊ होते, त्याला एक दिवस गाळीव द्रव आणि दर किलोमागे 5 मिलिलिटर सलाइनचा एनिमा एवढे अनेकदा पुरते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध किती तास आधी थांबवायचे, हे भूलतज्ज्ञ सांगतील. पूर्वापार नियम भुलेच्या आधी आईच्या दुधासाठी चार तास, वरच्या दुधासाठी सहा तास आणि गाळीव द्रवांसाठी दोन तास असा आहे. अलीकडे काही ठिकाणी मुलांना भुलेच्या एक तास आधीपर्यंत गाळीव द्रव देतात. मुलाला उगाच जास्त तास कोरडे ठेवणे हे अधिक सुरक्षित नसते, उलट साखर आणि पाणी उतरते. म्हणून नेमका शेवटचा घोट किती वाजता द्यायचा, हे लेखी मागून घ्यावे. तपासणी दुपारी असेल तर औषधाचा काही भाग त्या दिवशी पहाटे देता येतो, आणि त्याने आतड्याची उजवी बाजू अधिक स्वच्छ राहते, कारण रात्रभरात लहान आतड्यातून उतरणारा पित्तमिश्रित चिकट द्रव त्याने धुतला जातो. तपासणी सकाळी लवकर असेल तर मात्र लहान मुलाला मध्यरात्री उठवून औषध पाजण्याच्या बाजूचा मी नाही.

मूत्रपिंड, हृदय किंवा चयापचयाचा आजार, मधुमेह, फेफरे, वजन फार कमी असणे, यांपैकी काही असलेल्या मुलाची तयारी घरी करू नये. त्याला दाखल करून, शिरेतून ग्लुकोज व क्षार देत आणि रक्त तपासत ती करावी. फेफऱ्याचे औषध जुलाबात वाहून जाऊ शकते, त्यामुळे ते कधी द्यायचे हे स्वतंत्रपणे विचारावे. आतडे कुठे अडले असल्याची किंवा फार फुगल्याची शंका असेल तर कोणतेच जुलाबाचे औषध देऊ नये. घरी तयारी चालू असताना हिरवी उलटी झाली, पोट फुगून ताठ झाले, मूल गळून पडले किंवा उठवूनही नीट जागे होईना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, रक्त पूर्वीपेक्षा बरेच जास्त पडले, तर औषध थांबवून सरळ रुग्णालय गाठावे. ठरलेले औषध पूर्ण घेऊनही काही तास शौचच झाले नाही, तर दुसरी मात्रा देण्यापूर्वी फोन करावा.

तयारी पूर्ण झाली हे शौचाच्या संख्येवरून ठरवू नये. पहिल्या वेळी बहुधा येथेच फसगत झाली. शेवटची दोन-तीन शौचे पाहावीत: ती फिकट पिवळी, लघवीसारखी आणि आरपार दिसणारी हवीत. त्यात चार-दोन कण असले तर हरकत नाही. पण तपकिरी, गढूळ किंवा तळ न दिसणारे शौच म्हणजे आतडे अजून तयार नाही. शेवटच्या शौचाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि रुग्णालयात पोहोचताच, भूल देण्यापूर्वी, ते परिचारिकेला दाखवावे. शौच अजून गढूळ असेल तर त्या वेळी सलाइनचा एनिमा देता येतो, तपासणी काही तास पुढे ढकलता येते, किंवा मुलीला दाखल करून नळीने उरलेली तयारी पूर्ण करता येते. हा निर्णय मूल जागे असतानाच व्हायला हवा. मागच्या वेळी कोणते औषध, किती, किती वाजता दिले, किती उलटीत गेले आणि दुर्बिणीला आतड्याच्या कोणत्या भागात मळ आढळला, हे त्या अहवालातून उतरवून नव्या डॉक्टरांकडे सोबत न्यावे. मळ सर्वत्र पातळ होता की डाव्या बाजूला घट्ट गोळे होते, एवढ्या एका नोंदीवरूनही पुढची तयारी औषध वाढवून करायची की आठवडाभर आधी सुरू करायची, हे ठरवता येईल.